ग्रॅहम चॅपमन : मॉन्टी पायथनमधला गप्प माणूस

रात्रपाळी

मॉन्टी पायथन ही ब्रिटिश विनोदवीरांची टोळी म्हटली की आधी जॉन क्लीज डोळ्यांसमोर येतो, मग मायकेल पेलिन, फार तर क्रूसावर टांगलेल्या अवस्थेत गाणं म्हणणारा एरिक आयडल. पण त्यांच्या दोन सगळ्यात गाजलेल्या सिनेमांचा नायक या तिघांपैकी कुणीच नाही. 'होली ग्रेल'मधला राजा आर्थर आणि 'लाइफ ऑफ ब्रायन'मधला ब्रायन एकाच माणसाने केलेत, आणि नेमकं त्याचंच नाव लोकांच्या तोंडी नसतं. ग्रॅहम चॅपमन.

थोडक्यात कुंडली. जन्म ८ जानेवारी १९४१, लेस्टर. वडील पोलिसात. केंब्रिजला इमॅन्युएल कॉलेजात मेडिकल, तिथल्या फूटलाइट्स या हौशी मंडळात क्लीजशी गाठ, पुढचं शिक्षण लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलात. १९६४ मध्ये फूटलाइट्सची मंडळी आपला शो घेऊन न्यूझीलंडला निघाली तेव्हा पंचाईत झाली. मेडिकल अर्धवट टाकून नाटकवाल्यांबरोबर जातो हे घरी सांगणार कसं? त्यानेच पुढे सांगितलेली हकीकत अशी: हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला राणीच्या आई आल्या होत्या. चहाच्या वेळी याने त्यांच्याकडे न्यूझीलंडचा विषय काढला. त्या म्हणाल्या, सुंदर देश आहे, जाऊन या. याने घरी जाऊन सांगितलं की खुद्द राजमातांनी जायला सांगितलंय. खरंखोटं तोच जाणे, कारण या गृहस्थाने स्वतःच्या आत्मचरित्राच्या नावातच स्वतःला खोटारडा म्हणवून घेतलंय, आणि त्या आत्मचरित्राला लेखक आहेत पाच.

डॉक्टर झाला, पण दवाखाना काही थाटला नाही. क्लीजबरोबर डेव्हिड फ्रॉस्टच्या कार्यक्रमासाठी लिहिलं, १९६७ मध्ये मार्टी फेल्डमन आणि टिम ब्रुक-टेलर यांच्यासोबत 'ॲट लास्ट द १९४८ शो' केला, आणि ५ ऑक्टोबर १९६९ला बीबीसीवर पायथन सुरू झालं. ४ मालिका, ४५ भाग, १९७४ला मंगलम्.

आता ज्यासाठी धागा काढला ते. १९६६च्या उन्हाळ्यात इबिझा बेटावर त्याला डेव्हिड शेरलॉक भेटला. दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिले. पुढच्या वर्षी त्याने मित्रांना पार्टीला बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं. क्लीज चाटच पडला म्हणतात, कारण पाइप ओढणारा, रग्बी खेळणारा, डोंगर चढणारा हा गडी असा असेल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांबद्दलचा कायदा बदलला तोही १९६७ मध्येच, आणि तोसुद्धा किती? दोघं २१ वर्षांच्या वरचे हवेत आणि सगळं चार भिंतींच्या आत हवं.

म्हणजे उघडपणे गे असलेला, १९७०च्या आसपास घराघरातल्या टीव्हीवर दिसणारा विनोदी नट. आणि त्याच्या भूमिका बघा. कर्नल, पोलीस अधिकारी, डॉक्टर, राजा. किनऱ्या आवाजाच्या खाष्ट बायकाही केल्या, पण त्या तर सगळ्यांनीच केल्या. जे सगळ्यांना माहीत होतं त्याच्यावर त्याने विनोदाचं दुकान मांडलं नाही. मला तरी त्याच्या कारकिर्दीचं मर्म इथे दिसतं. तुमचं काय मत?

शेंगदाणा

वा, पहिला नंबर माझा! घोडा परवडत नाही म्हणून नोकराने वाजवलेल्या करवंट्यांच्या टापांवर पळणारा 'होली ग्रेल'मधला राजा. त्या एका कल्पनेला दंडवत. सविस्तर नंतर लिहितो.

जुना खोड

विषय चांगला काढलात. पण त्या काळात ब्रिटनमध्ये विनोदात गे माणसं नव्हती असं कुणाला वाटेल, म्हणून थोडी भर घालतो. उलट रेलचेल होती! बीबीसी रेडिओवर 'राउंड द हॉर्न' लागायचं, १९६५ ते १९६८. त्यात ज्युलियन आणि सँडी ही जोडगोळी, म्हणजे ह्यू पॅडिक आणि केनेथ विल्यम्स. दोघं लंडनच्या नाटकवाल्यांची आणि गे मंडळींची गुप्त बोली, पोलारी, बिनदिक्कत बोलायचे. रविवारी दुपारी जेवणं आटोपून अख्खं कुटुंब ऐकायचं. ज्याला कळलं तो एका कारणाने हसला, ज्याला नाही कळलं तो दुसऱ्या. कायदा बदलायच्या आधीची गोष्ट आहे ही. तो कार्यक्रम लिहिणारे कोण? बॅरी टूक आणि मार्टी फेल्डमन. म्हणजे तुमच्या त्या १९४८ शोवाला फेल्डमन. आणि पायथन बीबीसीत आणण्यात टूकचा हात होता.

नंतर टीव्हीवर लॅरी ग्रेसन आला, 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?'मध्ये जॉन इनमन आला. हातवारे, मुरका, एक भुवई वर. फ्रँकी हॉवर्ड तर त्याच्याही आधीपासून. प्रेक्षकांना सगळं कळत होतं, पण प्रत्यक्षात ते बोलायचं नाही असा अलिखित करार. हॉवर्डचा जोडीदार जगासाठी त्याचा मॅनेजर होता. विल्यम्सच्या डायऱ्या वाचाल तर जीव गुदमरतो.

थोडक्यात, ही मंडळी स्टेजवर जे सुचवत होती ते स्टेजखाली कबूल करू शकत नव्हती. चॅपमनचं बरोब्बर उलटं. स्टेजखाली सगळं उघड आणि स्टेजवर कर्नल. रात्रपाळी, तुमच्या मुद्द्याला माझं एवढंच अनुमोदन.

इरसाल

माफ करा, पण मला हे जरा जास्तच गौरवीकरण वाटतंय.

एक तर त्याला हे सोपं गेलं ते दिसण्याबोलण्यामुळे. सहा फुटांच्या वर उंची, पाइप, रग्बी. त्याच्या जागी ग्रेसनसारखा माणूस असता तर त्याला कर्नलची भूमिका मिळाली असती का? दुसरं म्हणजे पायथनमध्ये या विषयावरचे स्वस्त विनोद कमी नाहीत. दुसऱ्या मालिकेत सैनिकांची एक तुकडी नाजूक हातवारे करत, लाडिक बोलत कवायत करते, ते आठवा. त्यात मुद्दा काय? बायकी सैनिक, हसा. हे ज्या टेबलावर ठरलं तिथे चॅपमन बसलेला होता. आणि तिसरं, लेखक लेखक म्हणताय, पण कागदावर लिहायचं काम क्लीज करायचा आणि हा पाइप ओढत बसायचा. क्लीजनेच सांगितलंय.

रात्रपाळी

@इरसाल, पहिल्या दोन मुद्द्यांवर वाद घालत नाही, त्यात तथ्य आहे. तिसऱ्यावर घालतो.

क्लीज तासन् तास लिहायचा आणि चॅपमन गप्प बसायचा, बरोबर. पण गप्प बसून काय करायचा ते पोपटाच्या स्केचमध्ये बघा, म्हणजे विकत घेतलेला पोपट मेलेला निघाला म्हणून दुकानात तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाच्या त्या छोट्या प्रवेशात. त्या स्केचची मूळ कल्पना पोपटाची नव्हतीच. १९६८च्या 'हाउ टू इरिटेट पीपल' या कार्यक्रमात पेलिनने गाड्यांचा एक दुकानदार केला होता. विकलेल्या गाडीचं काहीही निखळून पडलं तरी त्याचं आपलं एकच, नवीन गाडीला असं व्हायचंच. पायथनसाठी तीच कल्पना परत वापरायची ठरली. आणि चॅपमन म्हणाला म्हणे, गाडी नको, पोपट घ्या.

आता या बदलाने काय झालं ते बघा. गाडी बिघडली की नाही यावर दोन माणसांचं मतभेद होऊ शकतं. गिऱ्हाईक म्हणेल ब्रेक लागत नाही, दुकानदार म्हणेल तुम्ही नीट दाबत नाही. हा रोजचा दुकानातला तंटा झाला. पण पोपट मेला की मेला. त्यात मत कसलं? आणि तरी दुकानदार ढिम्म हलत नाही. झोपलाय म्हणतो, मायदेशाच्या आठवणीने खचलाय म्हणतो, बिचारा पिंजऱ्यात दांडीला खिळे ठोकून उभा केला होता ते उघडकीला आलं तर त्याचंही कारण तयार. तक्रारीच्या स्केचचं एकदम वेडाच्या स्केचमध्ये रूपांतर झालं, आणि ते एका वाक्याने झालं. असं एक वाक्य सुचण्यासाठी माणूस चार तास पाइप ओढत बसला तर बसू द्यावं.

शेंगदाणा

+१. आमच्या ऑफिसातही असा एक आहे, फक्त त्याचं ते वाक्य अजून आलेलं नाही.

मनस्विनी

मी अभिनयाबद्दल लिहिते, कारण त्याच्यावर कुणी बोलतच नाही.

'होली ग्रेल'ची सुरुवात घ्या. आर्थर एका किल्ल्यापाशी येतो. मागे नोकर करवंट्या वाजवतोय. तटावरचा पहारेकरी विचारतो, घोडा कुठाय? करवंट्या आल्या कुठून? इथे नारळ होत नाही. मग चिमणीएवढा पक्षी नारळ उचलून आणेल का, यावर चर्चा घसरते. दुसरा कुठलाही विनोदी नट असता तर त्याने एकदा तरी कॅमेऱ्याकडे बघून 'काय वेडे लोक आहेत' असा चेहरा केला असता. चॅपमन करत नाही. तो प्रत्येक प्रश्नाला राजाने द्यावं तसं उत्तर देतो. त्याला खरोखर वाटतंय की आपण घोड्यावर आहोत, आपल्याला काम आहे, आणि हा माणूस उगाच वेळ खातोय. चिखलात राबणारा शेतकरी त्याला राज्यव्यवस्थेवर व्याख्यान देतो तेव्हाही तेच. आधी सौजन्य, मग संयम, मग संयमाला तडा. हे सगळं इतकं खरं आहे की आपल्याला बिचाऱ्या राजाची दया येते.

त्या सिनेमात बाकीचे पाच जण एकामागून एक सोंगं बदलतात. कुणीतरी एक जण खांबासारखा स्थिर लागतो, त्याशिवाय तो सगळा धुडगूस उभा राहत नाही. टीव्हीवर त्याचा कर्नलही हेच करायचा. स्केच फार वेडगळ झालं की गणवेशात येऊन ते बंद करायचा. स्वतः तितकाच वेडगळ, पण चेहऱ्यावर रेष हलत नाही.

मला यात वडिलांची पोलिसातली नोकरी दिसते, हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर दिसतात. अधिकाराच्या खुर्चीवर बसलेली माणसं त्याने जवळून पाहिली होती आणि ती किती ठिसूळ असतात हे त्याला ठाऊक होतं. हे माझं मत, पुरावा मागू नका.

डॉक्टरबाई

सगळे आर्थरचं कौतुक करताय, म्हणून त्या शूटिंगची दुसरी बाजू सांगते.

१९७४ मध्ये स्कॉटलंडला शूटिंग झालं तेव्हा चॅपमन पक्का दारुडा झालेला होता. जिन. सेटवर सकाळी दारू मिळाली नाही की हात थरथरायला लागायचे. सिनेमात दरीवर एक झुलता पूल आहे, तो आर्थरला ओलांडायचा होता. बाकीच्यांना वाटलं, हा तर गिर्यारोहक, याला काय अवघड! पण त्याला पाऊल टाकवेना. त्याचे कपडे घालून दुसऱ्या माणसाला पूल ओलांडावा लागला. वर अंगात चिलखत म्हणून चंदेरी रंग दिलेले लोकरीचे विणलेले कपडे, ते दिवसभर ओले. दारू तुटल्यावरचा कंप, भ्रम, घाम याला वैद्यकात डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि तो जिवावर बेतू शकतो. त्याला स्वतःला हे पुस्तकातून पाठ होतं, ही त्यातली गंमत आणि शोकांतिका.

त्याने दारू सोडली ती १९७७च्या नाताळाच्या सुमारास, घरीच. ब्रायनची भूमिका त्याला हवी होती आणि या अवस्थेत ती झेपणार नाही हे कळत होतं. १९७८च्या शरद ऋतूत ट्युनिशियात शूटिंग झालं तेव्हा हा एकदम वेगळा माणूस होता. संवाद चोख पाठ, वेळेवर हजर. आणि दिवसाचं काम संपलं की युनिटमधल्या लोकांना तपासायचा, औषधं द्यायचा. जो दवाखाना त्याने आयुष्यात थाटला नाही तो तिथे वाळवंटात थाटला. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं हे चित्र सगळ्यात आवडतं. दिवसभर लोकांनी जबरदस्तीने मसीहा केलेला माणूस, संध्याकाळी कुणाच्या तरी जुलाबाची चौकशी करतोय.

वाचनमात्र

सहसा लिहीत नाही, पण दोन गोष्टी कुणी जोडल्या नाहीत म्हणून.

स्कॉटलंडचा उल्लेख आला. १९६७चा कायदा फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरता होता. स्कॉटलंडमध्ये बदल झाला १९८०च्या कायद्याने, उत्तर आयर्लंडमध्ये १९८२ला. म्हणजे चॅपमन डोक्यावर मुकुट घालून त्या डोंगरांत हिंडत होता तेव्हा तिथल्या कायद्याच्या लेखी त्याचं घरचं आयुष्य गुन्हाच होतं.

दुसरी गोष्ट. १९७२ मध्ये लंडनला 'गे न्यूज' हे नियतकालिक सुरू झालं, त्याला चॅपमनने पैशाची मदत केली होती. १९७६ मध्ये या पत्राने ख्रिस्त आणि रोमन शिपायावरची एक कविता छापली आणि मेरी व्हाइटहाउस या बाईंनी ईशनिंदेचा खटला भरला. १९७७ मध्ये संपादक डेनिस लेमन आणि पत्र दोघांनाही दोषी ठरवून दंड झाला, लेमनला वर नऊ महिन्यांची स्थगित कैदही. म्हणजे ईशनिंदेचा कायदा धूळ खात पडलेला नाही, चालू आहे, हे सगळ्यांना दिसलं. आणि त्यानंतर पायथनवाले बेथलेहेममध्ये ख्रिस्ताच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या ब्रायन नावाच्या माणसावर सिनेमा काढायला निघाले. १९७८ मध्ये सिनेमाला पैसा पुरवणाऱ्या ईएमआय कंपनीच्या लॉर्ड डेलफॉन्टनी ऐनवेळी अंग काढून घेतलं ते काही उगाच नाही. बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने घर गहाण टाकून पैसे उभे केले. नंतर नॉर्वे, आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या काही नगरपालिकांनी सिनेमा अडवला तो वेगळा विषय.

त्या सगळ्या मंडळींत ज्याने आधीच त्या पत्रामागे पैसे उभे केले होते, तोच ब्रायन झाला आणि भर गर्दीसमोर खिडकी उघडून नागडा उभा राहिला. इरसाल, 'सोपं गेलं' या शब्दांवर माझी हरकत आहे ती एवढ्यासाठी.

इरसाल

@वाचनमात्र, ही जोडणी चांगली आहे, मान्य. आणि एक किस्सा मीच देतो, विरोधी पक्षात असलो तरी. जॅझ गायक जॉर्ज मेलीच्या टीव्ही कार्यक्रमात चॅपमनने आपण गे असल्याचं सांगितलं. त्यानंतर एका प्रेक्षक बाईंचं पायथनला पत्र आलं. तुमच्यापैकी एक जण तसा आहे असं समजलं, बायबलप्रमाणे अशाला दगडांनी ठेचायला हवं, सोबत प्रार्थना. आयडलने उत्तर पाठवलं की तो कोण ते आम्ही शोधून काढलं आणि त्याला ठार केलं. पुढच्याच मालिकेत क्लीज गायब! त्याने कंटाळून सोडलं होतं, पण त्या बाईंना काय वाटलं असेल विचार करा.

तरी माझा मूळ सूर कायम. पायथन वगळून त्याची कारकीर्द दाखवा. त्याचा 'यलोबियर्ड' हा सिनेमा बघवत नाही.

जुना खोड

'यलोबियर्ड' (१९८३) पडलाच, त्यात शंका नाही. पीटर कुक लेखनाला, तारे खंडीभर, आणि चित्रीकरणाच्या दिवसांत मेक्सिकोत मार्टी फेल्डमन गेला. बिनपायथनचा चॅपमन म्हणजे लिहिणारा चॅपमन बघावा. 'डॉक्टर इन द हाउस' ही टीव्ही मालिका, तिच्या लेखकांत तो होता. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची सगळी टवाळी आतल्या माणसाने केलेली. मग सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एक पोरगेलासा लेखक त्याने हाताशी धरला, डग्लस ॲडम्स. दोघांनी 'आउट ऑफ द ट्रीज' लिहिलं, १९७६च्या जानेवारीत एकच भाग लागला आणि बीबीसीने टेप पुसून टाकली. पुढे तो भाग सापडला तो चॅपमनने घरी केलेल्या रेकॉर्डिंगमुळे.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांत एकटाच व्याख्यानं देत हिंडायचा. खुर्ची, माइक आणि किस्से. पैशाची चणचण होती म्हणूनही असेल. पण जो माणूस टोळीत गप्प बसायचा तो तिथे तासभर एकटा बोलायचा, हे मला विलक्षण वाटतं. दारूबद्दलही बोलायचा, शेरलॉकबद्दलही, आणि दोघांनी लिव्हरपूलहून पळून आलेला एक मुलगा वडिलांच्या संमतीने आपल्या घरी वाढवला त्याबद्दलही. १९७१ची गोष्ट ती. तेव्हा दोन पुरुषांनी मूल वाढवणं ही कल्पना तरी कुणी करत होतं का?

डॉक्टरबाई

बरोबर, आणि शेवट फार लवकर झाला. टॉन्सिलचा कॅन्सर. १९८८च्या अखेरीस दाताच्या तपासणीत गाठ दिसली, पुढे तो मणक्यात गेला. ४ ऑक्टोबर १९८९ला केंटमध्ये मेडस्टनच्या हॉस्पिटलात गेला, वय ४८. दुसऱ्या दिवशी पायथनला २० वर्षं पूर्ण होणार होती. इतरांचा रस घालवायची ही परिसीमा, असं पायथनमधलाच टेरी जोन्स म्हणाला होता.

शेंगदाणा

सविस्तर लिहितो म्हणालो होतो, पण तुम्ही काही शिल्लकच ठेवलं नाही. शोकसभेचं राहिलंय. डिसेंबर १९८९, सेंट बार्थोलोम्यूजच्याच सभागृहात. क्लीजने श्रद्धांजली सुरू केली ती मेलेल्या पोपटाच्या शब्दांत, आणि पुढे असा शब्द उच्चारला जो ब्रिटनमधल्या शोकसभेत आधी कुणी उच्चारला नसेल, आणि वर सांगितलं की ग्रॅहमला हेच आवडलं असतं. १९९८ मध्ये अमेरिकेत ॲस्पेनला उरलेले पाच जण जमले तेव्हा चॅपमनचा अस्थिकलश म्हणून एक भांडं स्टेजवर आणलं, त्यांच्यातल्या टेरी गिलियमच्या पायाने ते सांडलं, आणि झाडू-व्हॅक्यूम घेऊन सगळे आवरायला लागले. यूट्यूबवर आहे. (राख अर्थातच त्याची नव्हती.)

बाकी नवख्या माणसाने चॅपमन बघायला सुरुवात कुठून करावी? ब्रायन सगळे सांगतात.

मनस्विनी

ब्रायन नंतर. आधी दुसऱ्या मालिकेच्या शेवटचं अंत्यविधीवाल्याचं स्केच बघ. क्लीज आईचा देह पोत्यात घेऊन येतो, चॅपमन अंत्यविधीवाला. पुरायचं, जाळायचं की आणखी काही, हे तो गिऱ्हाइकाला कापड दाखवणाऱ्या दुकानदाराच्या थंडपणाने विचारतो, आणि मग पोत्यात डोकावून एक तिसराच पर्याय सुचवतो जो मी इथे लिहिणार नाही, कुणी जेवत असेल. लिहिलंय दोघांनी मिळून. बीबीसी घाबरली होती. स्केच सुरू असताना प्रेक्षकांनी निषेधाचा आरडाओरडा करायचा आणि शेवटी स्टेजवर धावून जायचं, या अटीवर परवानगी मिळाली.

शेंगदाणा

म्हणजे तो आरडाओरडा स्क्रिप्टमधला आहे? मला इतके दिवस खराच वाटत होता.

रात्रपाळी

स्क्रिप्टमधलाच. आणि परत बघशील तेव्हा चॅपमनकडे बघ. पब्लिक अंगावर धावून येतंय, आणि तो अजून पर्यायच समजावून सांगतोय.